नऊ काढा, मग दहावं

नगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलं असेल, तर चर्चिल रणगाडा तुमच्या नजरेखालून गेला असणार आणि लक्षात राहिला नसणार. तिथे सगळ्यांची गर्दी पॅटनपाशी. आपल्या जवानांनी तो शत्रूकडून जिंकून आणला, त्याची गोष्ट तोंडपाठ असते. चर्चिलला गोष्ट नाही, रूपही नाही. बेढब, लांबोडका, दोन्ही अंगांनी पट्ट्यांत कोंबलेला. मीही त्याच्यासमोर थांबले नव्हते. पुढे कधीतरी वाचनात आलं, की एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात असल्याच एका चर्चिलच्या गोळ्याने जर्मनांचा टायगर जागीच जायबंदी केला होता. तो टायगर पुढे इंग्लंडला नेला आणि तो आजही स्वतःच्या इंजिनावर चालतो. ऐंशी वर्षांचं यंत्र चालतं म्हणजे त्याच्यामागे माणसं राबत असणार. ती बघायची होती.

भाची साउदॅम्प्टनला राहते. तिथून आगगाडीने वूल नावाच्या चिमुकल्या स्टेशनावर उतरायचं, की टायगर जिथे आहे ते बोव्हिंग्टन जवळच. डॉर्सेट परगण्यातला हा लष्करी तळ. १९१६ पासून रणगाडेवाल्यांचं प्रशिक्षण इथेच. पहिलं महायुद्ध संपल्यावर मोडके रणगाडे इथल्या माळावर आणून टाकले होते. १९२३ मध्ये लेखक रडयार्ड किपलिंग इथे आला आणि हे सामान नीट जपून ठेवा, असं त्याने सुचवलं. त्यातून झालेल्या संग्रहालयाचं दार लोकांसाठी उघडलं १९४७ मध्ये. आज तीनशेच्या आसपास गाड्या आहेत. सगळ्या रणगाड्यांचा पूर्वज म्हणावा असा १९१५ चा ‘लिटल विली’ इथेच आहे, आणि त्याच्या जातीचा दुसरा जगात कुठेही नाही.

टायगरच्या दालनात पाय ठेवला आणि आधी वास आला. जुनं ग्रीस, पेट्रोल आणि जाड गिअर ऑइल यांचा तो वास होता. एसटीच्या डेपोत येतो त्याच्याच कुळातला, पण त्यात डिझेल नाही. संग्रहालयातल्या वस्तूंना सहसा वास नसतो. असलाच तर तो पॉलिशचा. ही गाडी मात्र अंगातून तेल गाळत होती. खाली ट्रे ठेवलेला होता.

अंगावर १३१ हा आकडा. जर्मन पद्धतीने वाचायचा तर पहिली कंपनी, तिसरी तुकडी, पहिला रणगाडा. वजन सत्तावन्न टनांच्या घरात, पुढचं चिलखत १०० मिलिमीटर, तोफ ८८ मिलिमीटरची. त्या काळी समोरासमोर याच्यापुढे उभं राहणं दोस्तांच्या रणगाड्यांच्या जिवावर बेतायचं. ४८ व्या रॉयल टँक रेजिमेंटच्या चर्चिलने झाडलेला सहा पौंडी गोळा चिलखत फोडू शकला नाही. तो तोफेच्या नळीवर आदळून खाली घसरला आणि टरेट, म्हणजे तोफेचा वरचा घुमट, जिथे धडावर फिरतं त्या फटीत जाऊन रुतला. टरेट जाम झालं. कमांडर जखमी झाला होता. चालती गाडी टाकून सगळे पळाले. जूनमध्ये राजे सहावे जॉर्ज आणि पंतप्रधान चर्चिल यांनी ट्युनिसमध्ये ती पाहिली, ऑक्टोबरात ती इंग्लंडला पोचली. मग तज्ज्ञांनी तिचा पुर्जा न् पुर्जा मोजला, तपासला, आणि १९५१ मध्ये ती संग्रहालयाकडे आली. नळीच्या बुडाशी आणि टरेटच्या कडेला गोळ्याचे ओरखडे अजून दिसतात. त्यांवर लांबी भरलेली नाही. गंज काढायचा, जखम ठेवायची, हा इथला पहिला नियम.

वर्कशॉप एका बाजूला आहे, आणि काम चाललेलं वरच्या सज्जातून बघता येतं. वेल्डिंग, ग्राइंडिंग, रंग खरवडणं, क्रेनने इंजिन उचलणं. कुठल्याही मोठ्या गॅरेजात दिसेल तेच. माझी नजर मात्र एका गृहस्थांवर जाऊन थांबत होती. सत्तरी उलटलेली, निळा डगला, नाकावर घसरलेला चष्मा. पुढ्यातल्या बाकावर एक रबरी धावेचं चाक, आणि त्याच्या मधल्या भोकातला जुना ग्रीस ते एका लाकडी चपट्या काडीने काढत होते. लोखंडाने खरवडलं तर बेअरिंगच्या जागी ओरखडा उठतो, म्हणून लाकूड. चहाच्या सुट्टीत ते वर आले, तेव्हा बोलणं झालं. आयुष्य बसगाड्या दुरुस्त करण्यात गेलं, आता इथे बिनपगारी येतात. इथल्या कामाचा बराच भार अशा स्वयंसेवकांवर आहे.

मी विचारलं, “टायगरमध्ये सगळ्यात अवघड काय?” मला वाटलं, इंजिन म्हणतील.

“चाकं,” ते म्हणाले. “आतलं एक चाक काढायचं तर आधी बाहेरची नऊ काढावी लागतात.”

टायगरला दोन्ही बाजूंना आठ-आठ दांडे, आणि प्रत्येक दांड्यावर तीन चाकं. एकूण अठ्ठेचाळीस. कौलारू छपरावरची कौलं जशी एकमेकांखाली सरकवलेली असतात, तशी ही चाकं एकमेकांत शिरलेली आहेत. त्यामुळे वजन पट्ट्यावर सारखं वाटलं जातं आणि एवढं अवजड धूड मऊ जमिनीवरही डौलात चालतं. कागदावर ही रचना फार हुशारीची. पण आतल्या चाकाचं रबर फाटलं, आणि ते वरचेवर फाटायचं, की पट्टा सोडा, नऊ चाकं उतरवा, दहावं बदला, पुन्हा नऊ चढवा, पट्टा जोडा. रशियाच्या थंडीत चाकांच्या फटींत चिखल गोठायचा आणि सकाळी गाडी जागची हलायची नाही. एकोणीस-वीस वर्षांची पोरं अंधारात, बर्फात, कुणीतरी नेम धरून बसलेलं असताना हे काम करत. “कागदावर ज्यानं हे काढलं, त्यानं एकदा तरी स्वतः चाक बदलायला हवं होतं,” ते म्हणाले, आणि पुढे बोलताना दर थोड्या वेळाने म्हणत राहिले, “नऊ.” जगभरच्या मेकॅनिकांचं डिझायनरांबद्दल एकच मत असतं, याचा मला फार आनंद झाला.

दुरुस्तीचा इतिहासही त्या नऊ चाकांच्याच चालीने गेला आहे. १९९० मध्ये टायगर प्रदर्शनातून काढून उघडायला घेतला. डिसेंबर २००३ मध्ये तो चालू इंजिनासह परत आला. उरलेलं काम आणि मूळच्या छटेचा रंग व्हायला २०१२ उजाडलं. रणांगणात पाच माणसांनी कसाबसा चालवायचा रणगाडा नीट करायला महायुद्धाच्या कितीतरी पट काळ गेला. ते साहजिकही आहे. एक झाकण उघडायचं तर आधी बघा, आतल्या गास्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे का. त्या काळच्या डायलवरचे चमकते आकडे रेडियमचे असत. त्यांना हात लावण्याआधी तपासणी. जुन्या रंगात शिसं. पानेसुद्धा तीन प्रकारचे लागतात: ब्रिटिश गाडीला व्हिटवर्थ, जर्मन गाडीला मेट्रिक, अमेरिकन गाडीला त्यांचा इंची. चुकीचा पाना लावला तर नटाचे कोपरे गोल होतात, आणि तो नट आता कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आणि एवढं करून ही गाडी मूळची किती? मूळचं मायबाख एचएल २१० इंजिन आता तिच्यात नाही. त्याच्या जागी संग्रहालयातल्याच किंग टायगरचं (टायगर २), त्याहून थोडं मोठं एचएल २३० इंजिन फेरफार करून बसवलं आहे. म्हणजे एक दुर्मीळ गाडी चालावी म्हणून दुसऱ्या दुर्मीळ गाडीचं इंजिन गेलं. दर वेळी चालवलं की गिअरचे दात झिजतात, पट्ट्याच्या पिना झिजतात, आणि मूळचं लोखंड कणाकणाने कमी होतं. जतन करणाऱ्यांतला एक पक्ष म्हणतो, हे पाप आहे. टायगर १ जातीच्या जगात उरलेल्या गाड्या हातांच्या बोटांवर मोजता येतात, त्यांतली चालते ती ही एकटी, तर तिला शांत बसू द्या. दुसरा पक्ष म्हणतो, उभं राहिलेलं यंत्र आतून मरतं. सील वाळतात, बेअरिंगला एका जागी खळगा पडतो. तडजोड म्हणून वर्षातून मोजक्याच दिवशी मैदानात थोडा वेळ फिरवतात. तिकिटं आधीच संपतात. २०१४ च्या ‘फ्युरी’ या सिनेमात हाच टायगर झळकला, तेव्हापासून तर विचारायलाच नको.

मी त्या गृहस्थांना विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूचे?

“मी नऊ चाकांच्या बाजूचा,” ते म्हणाले. गाडी चालवायची नसती, तर ती चाकं कुणी काढलीच नसती. काढली नसती, तर कशी काढायची हे कुणाला कळलं नसतं. माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं, पण कुठला बोल्ट आधी सैल करायचा आणि कुठे हात चिरडतो, ते पुस्तकात नसतं. आता दोन तरुण मुलांना ते शिकवत आहेत. लोक म्हणतात, आम्ही लोखंड जपतो. ते गृहस्थ हातातलं कसब जपत होते, आणि मला ते जास्त पटलं.

सगळंच पटलं असं मात्र नाही. संग्रहालयाच्या दुकानात टायगरचे टी-शर्ट, टायगरचे मग, टायगरची खेळणी. समोर वडिलांच्या खांद्यावर बसलेला पोरगा ‘टायगर, टायगर’ म्हणून टाळ्या पिटत होता. पोराचं काय चुकलं? पण ही गाडी हिटलरच्या फौजेची. कासेलच्या हेन्शेल कारखान्यात ती बनली, आणि त्या कारखान्यात पकडून आणलेल्या परदेशी मजुरांना वेठीला धरलं होतं. टायगर १ जेमतेम साडेतेराशे बनले. दोस्तांनी एकट्या शर्मनचे पन्नास हजारांच्या जवळपास काढले. युद्ध कुणी जिंकलं ते या दोन आकड्यांत आहे: चाक पटकन बदलता येणारा साधा रणगाडा जिंकला. तरी फोटो टायगरचे. त्याला जायबंदी करणाऱ्या चर्चिलच्या जातीचा रणगाडा त्याच आवारात आहे, आणि त्याच्यासमोर इथेही मला फारशी गर्दी दिसली नाही. नगरची आठवण झाली.

नगरचं संग्रहालय १९९४ चं, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने उभं केलेलं. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी रणगाडे, रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, सेंच्युरियन, विजयंता. बोव्हिंग्टनहून परतताना या यादीकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. नगरच्याच लष्करी केंद्रात ‘फामागुस्ता’ जपलेला आहे. पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन. खेत्रपालांचा जन्म पुण्याचा. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पेटता रणगाडा सोडून बाहेर यायला त्यांनी नकार दिला आणि एकविसाव्या वर्षी त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. टायगरपेक्षा ही गोष्ट आपल्या किती जवळची! तरी तो रणगाडा आतून कसा होता, मिटिऑर इंजिन गरम झालं की ड्रायव्हर काय करायचा, पट्टा तुटला तर किती जण लागायचे, हे सांगणारं पान मराठीत मला सापडलेलं नाही.

सांगणारी माणसं मात्र आहेत. नगर, सातारा, पुणे, कोल्हापूरच्या गावांत आर्मर्ड कोअर आणि ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलातून निवृत्त झालेले हवालदार, नायब सुभेदार पारावर बसलेले असतात. विजयंता चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यातून बाहेर पडायला लागला १९६५ मध्ये. त्याचं लेलँड एल ६० इंजिन दोन स्ट्रोकचं, एकाच सिलिंडरात समोरासमोर धावणाऱ्या दोन पिस्टनांचं, आणि तक्रारींसाठी बदनाम. ते वर्षानुवर्षं चालतं ठेवलं ते यांच्या हातांनी. त्यांतले पहिले आता ऐंशीच्या घरात आहेत. रणगाडे नगरला उभे आहेत, ते आणखी पन्नास वर्षं राहतील. ही माणसं राहणार नाहीत.

नगरमध्ये सगळे रणगाडे चालू करा, असं मी म्हणत नाही. ते खर्चाचं आणि लोखंडाच्याही जिवावर उठणारं काम आहे. पण बोव्हिंग्टनसारखं एक वर्कशॉप काच लावून लोकांसमोर ठेवता येईल, एखादा सेंच्युरियन किंवा विजयंता चालता ठेवता येईल, आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना निवृत्त मेकॅनिकांच्या हाताखाली बसवता येईल. हे लष्कराने करायचं. तोवर आपल्याला करता येण्याजोगं एक काम आहे. तुमच्या घरात, भावकीत, गावात रणगाड्यावर काम केलेला कुणी म्हातारा असेल, तर त्याच्याजवळ फोनचं रेकॉर्डिंग लावून बसा. लढाईचं विचारू नका, ते त्याने शंभरदा सांगितलं असेल. चाक कसं बदलायचे, ते विचारा.