ऑनलाइन पत्त्यांच्या खेळांतील संतुलन-बदल आणि स्पर्धा-हंगाम : कालनिश्चितीचा प्रश्न

प्रस्तावना :

बावन्न पत्त्यांच्या परंपरागत खेळात पत्त्याचे मूल्य ठरलेले असते. एक्का, राजा, राणी, गुलाम ही उतरंड घरोघरी ठाऊक आहे. खेळणारे सर्व जण एकाच कॅटमधून पाने घेतात. त्यामुळे एखादे पान प्रमाणाबाहेर प्रबळ असले, तरी ते कोणाच्याही हाती येऊ शकते आणि खेळाच्या न्याय्यतेला बाधा येत नाही.

संग्रहक्षम पत्त्यांच्या खेळांचे स्वरूप याहून मूलतः भिन्न आहे. रिचर्ड गारफिल्ड यांनी निर्माण केलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराचा पाया घातला गेला. यात प्रत्येक खेळाडू शेकडो पत्त्यांतून निवड करून स्वतःचा संच म्हणजे 'डेक' बांधतो. पुढे ब्लिझार्ड कंपनीच्या 'हार्थस्टोन' (२०१४) या खेळाने हा प्रकार संगणक व मोबाइलच्या माध्यमातून जगभर पोहोचविला. २०१८ च्या जाकार्ता-पालेमबांग आशियाई क्रीडास्पर्धेत ई-क्रीडा प्रात्यक्षिक प्रकार म्हणून समाविष्ट होत्या. त्यात हार्थस्टोनमध्ये भारताच्या तीर्थ मेहता यांनी कांस्यपदक मिळविले. अशा स्पर्धांना गंभीर क्रीडाप्रकार मानावयाचे, तर त्यांच्या नियमांतील बदल केव्हा व्हावेत, या प्रश्नाचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

असंतुलन का निर्माण होते?

या खेळांत दरवर्षी नवे पत्ते दाखल होतात. हार्थस्टोनमध्ये २०१७ पासून वर्षाला तीन मोठे विस्तार प्रकाशित होण्याची पद्धत रूढ झाली. नवा पत्ता जुन्या सर्व पत्त्यांशी कोणत्या प्रकारे जुळेल, याची चाचणी घेणारे कर्मचारी मोजकेच असतात. याउलट प्रकाशनानंतर पहिल्याच आठवड्यात असंख्य खेळाडू त्या पत्त्याचे सर्व उपयोग शोधून काढतात. परिणामी, कोणत्याही चाचणीत न दिसलेले सामर्थ्य प्रत्यक्ष खेळात उघड होते. एक-दोन डेक इतके वरचढ ठरतात, की इतर डेक बांधणे निरर्थक होते.

यावर दोन उपाय आहेत. छापील पत्त्यावरील मजकूर घरोघरी जाऊन बदलणे शक्य नसल्याने तेथे पत्त्यावर बंदी हाच प्रमुख मार्ग उरतो. संगणकीय पत्त्याचा खर्च, बळ अथवा मजकूर मात्र एका रात्रीत बदलता येतो. ही सोय मोठी आहे; परंतु जे केव्हाही करता येते, ते नेमके केव्हा करावे हा प्रश्न त्या सोयीतूनच उद्भवतो.

हंगामाची रचना आणि खेळाडूंची गुंतवणूक :

बहुतेक ऑनलाइन खेळांत क्रमवारीचा हंगाम साधारणपणे एका महिन्याचा असतो. हंगामाअखेर मिळविलेले स्थान काही काळ मोठ्या स्पर्धांच्या पात्रतेशीही जोडलेले होते. हंगामाच्या मध्यावर पत्ता बदलल्यास एकाच क्रमवारीचा पूर्वार्ध एका नियमाने व उत्तरार्ध दुसऱ्या नियमाने खेळला जातो.

मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना आपले डेक काही दिवस आधी आयोजकांकडे नोंदवावे लागतात. तत्पूर्वी कोणता प्रतिस्पर्धी काय आणील याचा अंदाज घेऊन सराव केला जातो. यात वेळ व श्रम यांबरोबरच पैसाही गुंतलेला असतो. बदललेल्या पत्त्याची भरपाई देण्याची प्रथा आहे. हार्थस्टोनमध्ये असा पत्ता मर्यादित मुदतीत मोडल्यास त्याच्या निर्मितीचे पूर्ण मूल्य परत मिळते. तथापि, ही भरपाई पत्त्याची असते. त्याच्या आधारे केलेल्या सरावाची भरपाई कोणत्याही यंत्रणेला देता येत नाही.

विलंबाचे उदाहरण :

२०१४ च्या उन्हाळ्यात हार्थस्टोनच्या नॅक्सरामस या साहसी विस्तारात 'अंडरटेकर' हा पत्ता आला. केवळ एक एकक खर्चाचा हा पत्ता विशिष्ट प्रकारचा सहकारी मैदानात येताच आक्रमण व आयुष्य अशा दोन्ही बाबतींत एकेका अंकाने वाढत असे. पहिल्याच फेरीत तो हाती आला, तर सामन्याचा निकाल बहुतांशी तेथेच ठरे. नोव्हेंबर २०१४ मधील विश्वविजेतेपद स्पर्धा या पत्त्याच्या छायेतच पार पडली. त्यानंतर जानेवारी २०१५ च्या अखेरीस त्याची आयुष्यवाढ काढून टाकण्यात आली. म्हणजे सुमारे सहा महिने सामान्य खेळाडूने हे असंतुलन सोसले.

घाईचे उदाहरण :

याच्या नेमके उलट उदाहरण त्याच वर्षी घडले. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या 'ग्रिम पेट्रन' या पत्त्याला 'वॉरसाँग कमांडर' या जुन्या पत्त्याची जोड मिळाली आणि एकाच फेरीत संपूर्ण मैदान पालटून टाकणारा डेक तयार झाला. तो चालविणे कठीण होते; म्हणूनच कुशल खेळाडूंनी त्यावर महिनोन् महिने मेहनत घेतली होती. २० ऑक्टोबर २०१५ रोजी वॉरसाँग कमांडरचा मजकूर असा बदलण्यात आला, की तो डेकच संपुष्टात आला. ६ व ७ नोव्हेंबर रोजी अनाहाइम येथे विश्वविजेतेपदाचा अंतिम टप्पा व्हावयाचा होता. वर्षभराच्या खेळातून निवडल्या गेलेल्या स्पर्धकांना वर्षातील सर्वांत महत्त्वाची परीक्षा अशा रीतीने बदललेल्या अभ्यासक्रमावर द्यावी लागली. येथे बदल अनावश्यक होता असे म्हणता येणार नाही. आक्षेप आहे तो त्याच्या तारखेला.

जानेवारी २०१८ मधील ॲमस्टरडॅमच्या विश्वविजेतेपदाच्या वेळी हा क्रम उलटा दिसतो. त्या काळातील 'कॉरिडॉर क्रीपर', 'पॅचेस द पायरेट', 'राझा द चेन्ड' आणि 'बोनमेअर' या चार पत्त्यांमधील बदल स्पर्धा उरकल्यानंतर, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अमलात आले.

वेळापत्रकाचे गुण व मर्यादा :

२०१९ मधील मॅजिकची उदाहरणे या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत. 'फील्ड ऑफ द डेड' या पत्त्याने त्या शरद ऋतूत मॅजिकच्या 'स्टँडर्ड' या प्रमुख स्पर्धाप्रकारावर वर्चस्व मिळविले होते. १८ ते २० ऑक्टोबर या काळात 'मॅजिक : द गॅदरिंग अरेना' या संगणकीय आवृत्तीवर पाचवी मिथिक चॅम्पियनशिप कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, त्या पत्त्यावर बंदी आली. घोषणेची तारीख आधीच कळविण्यात आली होती. त्यामुळे स्पर्धकांची तयारी वाया गेली नाही आणि इतरांनाही आपली प्रतीक्षा कोठे संपणार हे ठाऊक होते.

परंतु ही पद्धत निर्दोष नाही. या बंदीने मोकळ्या झालेल्या जागेवर 'ओको, थीफ ऑफ क्राउन्स' हा आणखी प्रबळ पत्ता आला. ८ ते १० नोव्हेंबरला रिचमंड येथे झालेल्या सहाव्या स्पर्धेत निम्म्याहून कितीतरी अधिक डेकमध्ये ओको होता. त्याच्यावरील बंदी १८ नोव्हेंबरला जाहीर झाली. स्पर्धांमधील अंतर केवळ तीन आठवड्यांचे असल्याने एका स्पर्धेनंतरचा उपाय दुसरीपर्यंत अपुरा ठरला. यावरून असे दिसते की, बदलांचे वेळापत्रक कितीही काटेकोर असले, तरी स्पर्धाच एकमेकींना खेटून ठेवल्या तर निरीक्षणास व दुरुस्तीस अवसर राहत नाही.

अन्य पर्याय :

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या 'मार्व्हल स्नॅप' या खेळाने मासिक हंगामांच्या जोडीला लहान-लहान आकडेबदल वारंवार करण्याचा मार्ग स्वीकारला. बदल लहान असला, की धक्काही लहान बसतो. 'ग्वेंट' या खेळात २०२३ मध्ये नव्या पत्त्यांची निर्मिती थांबल्यावर संतुलनाचा अधिकार पात्र खेळाडूंच्या मासिक मतदानाकडे सोपविण्यात आला. तेथे एका वेळी पत्त्याचे मूल्य एका अंकानेच कमी-अधिक होते व बदल नव्या हंगामाबरोबर लागू होतो.

स्पर्धेपुरती जुनी आवृत्ती गोठविणे हा आणखी एक पर्याय होय. 'लीग ऑफ लेजेंड्स' या सांघिक खेळाचे विश्वविजेतेपद एका ठरावीक आवृत्तीवर खेळविले जाते. पत्त्यांच्या खेळात मात्र यात अडचण संभवते. तेथे सरावाचे मुख्य साधन सार्वजनिक क्रमवारी हेच असते. ती नव्या आवृत्तीवर गेली की जुन्या आवृत्तीचा सराव करण्यास पुरेसे प्रतिस्पर्धी मिळत नाहीत.

निष्कर्ष :

या प्रश्नाच्या मुळाशी दोन वर्गांच्या हितांचा संघर्ष आहे. विलंबाची झळ रोज खेळणाऱ्या बहुसंख्य सामान्य खेळाडूंना बसते, तर घाईची झळ मोजक्या स्पर्धकांना बसते. संख्येच्या बळावर स्पर्धकांचे श्रम दुर्लक्षित करणे जसे अन्याय्य, तसेच स्पर्धेच्या नावाखाली इतरांना महिनोन् महिने एकाच डेकसमोर बसविणेही अन्याय्यच होय. वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) संतुलन-बदल हंगामाच्या सांध्यावर लागू व्हावेत, डेक-नोंदणीनंतर ते कदापि होऊ नयेत.

२) कोणता पत्ता बदलणार हे आधी सांगता आले नाही, तरी निर्णय केव्हा होणार ही तारीख आधी जाहीर करावी.

३) मोठ्या स्पर्धेपूर्वी करावयाचे बदल पुरेसे आधी करावेत, अन्यथा स्पर्धा संपताच करावेत.

४) दोन प्रमुख स्पर्धांमध्ये निरीक्षण, बदल व सराव या तिन्हींना पुरेल इतके अंतर असावे.

५) खेळच अशक्य करणारा दोष आढळल्यास अपवाद करावा; मात्र त्या अपवादाचे निकष पूर्वघोषित असावेत.

सारांश, पत्त्यात काय बदल केला याइतकेच तो कोणत्या दिवशी केला यालाही महत्त्व आहे. नियम बदलणार हे या खेळांतील खेळाडूने मान्य केलेलेच असते. तो केव्हा बदलेल हे त्याला आधी कळले, तरच आपल्या श्रमांचे नियोजन करणे त्याला शक्य होते, आणि स्पर्धेची न्याय्यता बऱ्याच अंशी यावरच अवलंबून असते.