साथ ओसरते, ताण उरतो

मार्च २०२०मध्ये कोरोनाच्या साथीमुळे जग घरात कोंडलं गेलं, तेव्हा आता आत्महत्या वाढणार अशी भीती सगळीकडे होती. जपानमध्ये आधी उलटंच घडलं. फेब्रुवारी ते जून या काळात तिथल्या आत्महत्या सुमारे १४ टक्क्यांनी घटल्या. कामाचे तास कमी झाले होते, शाळा बंद होत्या, सरकारने माणशी एक लाख येन दिले होते. शिवाय संकट सगळ्यांवर एकदम आलं की माणसं एकमेकांना धरून राहतात.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये मात्र प्रमाण १६ टक्क्यांनी वाढलं. स्त्रियांमध्ये तर ३७ टक्क्यांनी. हॉटेलं, दुकानं, पर्यटन इथे अर्धवेळ राबणाऱ्यांत बायकाच जास्त, त्यामुळे रोजगारही आधी त्यांचाच गेला. वर घरची सगळी उस्तवार.

अमेरिकेत २०२१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयावरून रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या १२ ते १७ वयाच्या मुलींचं प्रमाण २०१९च्या तुलनेत ५१ टक्क्यांनी जास्त होतं. मुलग्यांमधली वाढ जेमतेम ४ टक्के! म्हणून नुसत्या सरासरीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

आपल्याकडे भारतात २०१९मध्ये १,३९,१२३ आत्महत्यांची नोंद झाली, २०२१मध्ये १,६४,०३३. त्यामागे एकटी साथच आहे असं म्हणता येणार नाही, पण रोजगार, कर्ज, एकटेपणा हे सगळे ताण तिने वाढवले.

घरातलं कुणी गप्प गप्प राहत असेल, तर थेट विचारा. विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.