चढ एका जागी

१८४७ साली जॉन एडगर थॉमसन पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा मुख्य अभियंता झाला, तेव्हा फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या मध्ये अ‍ॅलेगेनी डोंगर आडवा होता. राज्य सरकारने १८३४ पासून त्यावर तोडगा म्हणून दहा तिरप्या उतरंडींवर यंत्राने दोर ओढून गाड्या, पुढे कालव्यातल्या होड्यासुद्धा, चढवण्याची सोय केली होती. थॉमसनला दोर नको होता. मग चढ लांबवर वाटून द्यायचा की एका जागी गोळा करायचा? वाटून देणे शहाणपणाचे वाटते खरे. पण गाडीला किती माल जोडता येईल हे वाटेतला सर्वांत कडक चढ ठरवतो. शेकडा एक चढाला टनामागे सुमारे दहा किलोची जादा ओढ लागते, आणि मध्यम चढ शंभर मैल पसरला तर शंभर मैल गाडी हलकीच ठेवावी लागते. म्हणून त्याने जुनियाटा नदीच्या खोऱ्यातून अल्टूनापर्यंतचा मार्ग सौम्य ठेवला आणि उरलेली उंची पुढच्या डझनभर मैलांत, शेकडा पावणेदोनच्या आसपासच्या चढाने गाठली. तेवढ्यापुरते मागून ढकलायला जादा, म्हणजे बँकर, इंजिन लावायचे. तिथेही चढ आवाक्यात राहावा म्हणून रूळ दरीला वळसा घालून नेले. आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्याने खणलेले ते वळण, हॉर्सशू कर्व्ह, १८५४ साली सुरू झाले.

१८५२ ते १८७४ अध्यक्षपदावर असतानाही थॉमसन हेच गणित मांडत राहिला, असे मला वाटते: रोजचा खर्च वाचत असेल तर आज एकदाच जास्त मोजायचे. वर्दळीच्या यार्डांत लोखंडी रूळ भराभर झिजत, तेव्हा १८६०च्या दशकाच्या आरंभी त्याने जवळपास दुप्पट भावाचे पोलादी रूळ इंग्लंडहून आणवले. (कार्नेगीने पुढे ब्रॅडॉकच्या पोलाद कारखान्याला थॉमसनचे नाव दिले, एवढे मोठे गिऱ्हाईक खूश ठेवणे हाही धंद्याचाच भाग.) यावर कोणी म्हणेल, हातात स्वस्त भांडवल असले की असा दूरदर्शीपणा कोणालाही जमतो, १८७३च्या मंदीनंतर भागधारकांनी चौकशी समिती नेमली ती उगाच नव्हे. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याने सगळेच व्यवहार एका मापाने मोजले जातात. १८६९ मध्ये शिकागोपर्यंतचा आणि १८७१ मध्ये न्यू जर्सीतून न्यूयॉर्ककडे जाणारा मार्ग भाडेपट्ट्याने घेतला, तेव्हा त्यांवर वाहतूक आधीपासून होती. भाडे आणि माल यांचा मेळ घालून पाहता येत होता. आपला उपाध्यक्ष टॉम स्कॉट याच्याबरोबर त्याने टेक्सास अँड पॅसिफिक या रेल्वेत पैसा घातला, तिथे मात्र रूळच पुरते पडले नव्हते. हिशेब करायला टन कुठून आणणार?