लिम्फॅटिक ड्रेनेज थेरपी म्हणजे नेमकं काय? ती कुणाला खरंच लागते?

‘शरीरातली घाण बाहेर काढा’, ‘चेहऱ्याची सूज एका सेशनमध्ये गायब’ असे रील तुम्हीही पाहिले असतील. पुण्या-मुंबईपुरती वाटणारी ही थेरपी आता मोबाईलवरून सातारा-सांगलीतल्या घराघरांत पोहोचली आहे. ही थेरपी खोटी नाही. पण रीलमध्ये ती ज्यांना दाखवतात, त्यातल्या बहुतेकांना तिची गरज नसते. आणि ज्यांना गरज असते, त्यांना अनेकदा तिचं नावही कुणी सांगितलेलं नसतं.

आधी लिम्फ म्हणजे काय ते पाहू. मराठीत याला लसिका म्हणतात. रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर झिरपतं आणि पेशींच्या मधल्या जागेत साचतं. ते गोळा करून पुन्हा रक्तात सोडणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं म्हणजे लसिकासंस्था. दिवसाला साधारण २ ते ४ लिटर द्रव या वाटेने परत जातो. वाटेत ५०० ते ७०० गाठी असतात, त्या जंतू अडवतात. ऊसतोडीत पायाला कोयता लागला आणि दोन दिवसांनी जांघेत गोळा आला, तर आपल्याकडे ‘अवधाण आलं’ म्हणतात ना? ती हीच सुजलेली लसिकाग्रंथी.

या संस्थेला हृदयासारखा पंप नाही. नळ्यांचं आपलं आकुंचन, त्यातल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा, स्नायूंची हालचाल आणि श्वास, यावर सगळं चालतं. म्हणून दिवसभर दुकानात उभं राहिलं किंवा एसटीत तासन्‌तास बसलं की पाय जड होतात. ही सूज बहुतेक वेळा चालल्यावर, पाय वर ठेवल्यावर उतरते. तिच्यासाठी हजारो रुपयांचं पॅकेज घ्यायची गरज नाही.

मग गरज कुणाला?

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हाताकडून येणारा रस्ताच अरुंद होतो. काही बायकांचा हात त्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी सुजायला लागतो. बांगडी घट्ट होते, ब्लाउजची बाही रुतते. घरात कुणीतरी ‘वात असेल’ म्हणतं, हळदीचा लेप लावला जातो. तोवर वेळ जातो, कातडी जाड आणि टणक होत जाते. याला लिम्फेडेमा म्हणतात. सुरुवातीला पकडला तर तो बराच आटोक्यात राहतो. उशीर झाला की अवघड.

दुसरं कारण हत्तीरोग. क्युलेक्स डासातून पसरणारे कृमी लसिकावाहिन्या बिघडवतात. राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत शेजारचा सोलापूर आहे, त्यामुळे हा आजार फक्त विदर्भाचा समजू नका.

थेरपीत काय करतात?

डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. हा मसाज तेल चोळून, रगडून करायचा नसतो. हात इतका हलका ठेवतात की फक्त कातडी सरकते. आधी मान आणि चांगल्या बाजूच्या गाठींकडचा रस्ता मोकळा करायचा, मग सुजलेल्या भागाकडे वळायचं. दाबून दुखवणारा माणूस ‘ड्रेनेज’ करतोय असं सांगत असेल, तर तिथून उठलेलं बरं.

आणि नुसत्या मसाजने काम होत नाही. थरांची पट्टी बांधणं, नंतर मापाची दाबमोजी किंवा बाही, ठरावीक व्यायाम आणि कातडीची निगा हे सगळं मिळून उपचार होतो. २०१५ साली कॉक्रेनने स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या लिम्फेडेमावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मसाज सुरक्षित आहे आणि पट्टीला त्याची थोडी भर पडू शकते, असं त्यातून दिसलं. म्हणजे खरा भार पट्टीवर! रील मात्र पट्टीचे बनत नाहीत, कारण ती दिसायला छान नसते.

वजन कमी होणं, ‘टॉक्सिन’ निघणं याला भक्कम पुरावा नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात.

कधी करू नये?

एकाच पायाला अचानक सूज आली आणि पोटरी दुखतेय, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. सुजलेला भाग लाल, गरम झाला आणि ताप आला, तर तो जंतुसंसर्ग. त्याला अँटिबायोटिक लागतात. दोन्ही पाय सुजून दम लागत असेल तर हृदय तपासायला हवं. या तिन्हींत आधी डॉक्टर. मसाज धोक्याचा ठरू शकतो.

सातारा-सांगलीत कुठे विचारायचं?

पार्लरपासून सुरुवात करू नका. ऑपरेशन जिथे झालं तिथल्या सर्जनला किंवा कॅन्सर विभागाला विचारा. कराडला आणि मिरजेला मेडिकल कॉलेजं आहेत. तिथे फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला सांगा. त्यांना एवढंच विचारा: लिम्फेडेमाचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि पट्टी तुम्ही बांधता का?

जाण्याआधी शिंप्याच्या टेपने दोन्ही हात मनगटावर, कोपराखाली आणि दंडावर मोजून तारखेसह लिहून ठेवा. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच जागी. पायाची सूज असेल तर अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येते का पाहा. येत नसेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.