कुलूपबंद गाणं सीडीवर कसं उतरतं?

ॲपलने 28 एप्रिल 2003 रोजी अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. एका गाण्याला 99 सेंट. पैसे भरून उतरवलेलं गाणं आपल्या मालकीचं झालं, असं गिऱ्हाइकाला वाटे. पण तीच फाइल मित्राच्या कॉम्प्युटरवर नेली तर उघडत नसे, आणि दुसऱ्या कंपनीच्या एमपीथ्री प्लेअरमध्ये वाजत नसे. त्याच गाण्याची ऑडिओ सीडी करून गाडीतल्या जुन्या प्लेअरमध्ये सरकवली, तर मात्र ते बिनतक्रार वाजे. ही काही चोरवाट नव्हती. दुकानानेच अटींमध्ये लिहून दिलेली सोय होती. त्या काळातल्या फाइली ज्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत, त्यांना ती आजही उपयोगी पडते.

कुलूप नेमकं कुठे असतं?

दुकानातून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एमफोरपी’ ही अक्षरं असत. कुलूप नसलेल्या फाइलला ‘एमफोरए’. दोन्हींत आवाज एएसी पद्धतीने दाबून बसवलेला. गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम आणि खरेदीदाराचं खातं ही माहिती फाइलमध्ये उघडी असते; आवाजाचा भाग तेवढा सांकेतिक करून ठेवलेला असतो. ॲपलच्या या व्यवस्थेचं नाव ‘फेअरप्ले’.

यात किल्ल्या दोन. पहिल्या किल्लीने आवाज बंद केलेला असतो, आणि ती किल्ली फाइलमध्येच असते. पण तीही दुसऱ्या किल्लीने बंद केलेली. ही दुसरी किल्ली खरेदीदाराच्या खात्याची. आपण खात्याचा पासवर्ड देऊन कॉम्प्युटर ‘ऑथराइझ’ करतो, तेव्हा ती ॲपलच्या सर्व्हरवरून येऊन त्या कॉम्प्युटरवर साठवली जाते. सुरुवातीला एका खात्यावर 3 कॉम्प्युटर चालत, 2004 पासून 5. म्हणून जुना कॉम्प्युटर विकण्याआधी तो ‘डीऑथराइझ’ करायचा, नाहीतर पाचांतली एक जागा फुकट अडून राहते.

सीडीवर कुलूप का टिकत नाही?

ऑडिओ सीडीचे नियम फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 मध्ये ठरवले. त्या नियमपुस्तकाला ‘रेड बुक’ म्हणतात. डावा आणि उजवा असे दोन चॅनेल, प्रत्येकाचं सेकंदाला 44,100 वेळा मोजमाप, आणि प्रत्येक मोजमापाला 16 बिट. हे आकडे सीडीवर उघडे लिहायचे आणि प्लेअरने ते सरळ वाचायचे. किल्ली मागण्याची, तपासण्याची तरतूदच त्यात नाही. 1982 पासून जगभर विकले गेलेले प्लेअर याच नियमांवर चालतात. तेव्हा त्यांच्यात वाजेल अशी सीडी हवी, तर आवाज कुलपातून बाहेर काढावाच लागतो.

रेकॉर्ड कंपन्यांनी हे मान्य केलं, कारण त्या स्वतःही बिनकुलपाच्याच सीडी विकत होत्या. ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ यांनी फेब्रुवारी 2007 मध्ये लिहिलेल्या खुल्या पत्रात यावरच बोट ठेवलं होतं: 2006 मध्ये ऑनलाइन दुकानांतून कुलूपबंद गाणी 2 अब्जांहून कमी विकली गेली, तर सीडींवरून 20 अब्जांहून जास्त गाणी उघडी विकली गेली.

प्रत्यक्ष कृती

आधी कॉम्प्युटर ऑथराइझ केलेला आहे ना, ते पाहा. खात्री करायला प्रत्येक गाणं एकदा वाजवून बघा; जे वाजत नाही ते बर्नही होणार नाही, म्हणजे सीडीवर लिहिलं जाणार नाही. मग आयट्यून्स या सॉफ्टवेअरमध्ये नवी प्लेलिस्ट करून गाणी हव्या त्या क्रमाने लावा आणि एकूण वेळ तपासा. इथे बघायची ती मिनिटं. नेहमीच्या कोऱ्या सीडीत 80 मिनिटं मावतात.

कोरी सीडी शक्यतो सीडी-आर घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू प्रकाश कमी परावर्तित करते, त्यामुळे अनेक जुने प्लेअर ती ओळखतच नाहीत. फाइल मेनूतून ‘बर्न प्लेलिस्ट टू डिस्क’ निवडलं की प्रकार विचारला जातो. ‘ऑडिओ सीडी’ निवडा. ‘डेटा सीडी’ निवडलीत तर फाइल कुलपासकट जशीच्या तशी जाईल, आणि ‘एमपीथ्री सीडी’वर कुलूपबंद गाणी घेतलीच जात नाहीत. दोन गाण्यांमधलं अंतर इथेच ठरतं. सलग मैफलीचे तुकडे असतील तर ते शून्य ठेवा, नाहीतर रंगात आलेल्या तानेच्या मधोमध शांतता पसरेल. वेग कमाल ठेवण्याचा मोह टाळा. मध्यम वेगाने लिहिलेली सीडी जुन्या प्लेअरशी सहसा जास्त जमवून घेते.

बटण दाबल्यावर

चार मिनिटांचं एक गाणं घेऊ. 128 केबीपीएसने दाबलेली फाइल 4 एमबीच्या आत बसते. आयट्यून्स खात्याच्या किल्लीने गाण्याची किल्ली सोडवतं, तिने आवाज उघडतं आणि दाबलेला आवाज पूर्ण आकड्यांमध्ये उलगडतं. तोच ऐवज आता 42 एमबी होतो. सीडीवर सेकंदाला 75 खण, प्रत्येक खणात 2,352 बाइट. म्हणजे या गाण्याला 18,000 खण लागतात.

‘700 एमबी’ छापलेल्या सीडीत 80 मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ 847 एमबी आवाज कसा मावतो, याचं उत्तरही या खणांत आहे. डेटा सीडीत दर खणात फक्त 2,048 बाइट मजकुराचे असतात. उरलेले खणाचा पत्ता आणि जादा चूकदुरुस्ती यांत जातात. हिशेबाच्या फाइलमधला एक बाइट चुकून चालत नाही. आवाजातला चुकला तर प्लेअर मागचापुढचा आकडा पाहून अंदाजाने भरून काढतो, आणि कानाला सहसा कळतही नाही.

लिहिण्याचं काम 780 नॅनोमीटरच्या लेसरचं. सीडीच्या प्लॅस्टिकखाली रंगद्रव्याचा थर असतो. लेसर त्यावर उष्णतेने ठिपके उठवतो आणि तेवढ्या जागी परावर्तन घटतं. गाणी संपली की आतल्या कडेला अनुक्रमणिका लिहिली जाते: कोणतं गाणं कुठे सुरू होतं. ती लिहिली नाही तर गाणी असूनही प्लेअरला सीडी कोरीच वाटते. म्हणून शेवटच्या मिनिटात ट्रे उघडायची घाई करू नये.

मर्यादा कशावर होती?

कुलूपबंद गाणी असलेली एकच प्लेलिस्ट आधी 10 वेळा आणि 2004 पासून 7 वेळा बर्न करता येई. मोजणी प्लेलिस्टची होती, गाण्याची नव्हे. यादी बदलली की मोजणी नव्याने सुरू. घरच्या वापराला मोकळीक द्यायची आणि एकाच सीडीच्या शेकडो प्रती काढून विकणाऱ्याला अडवायचं, एवढाच हेतू होता. इतर दुकानांच्या, विंडोजच्या पद्धतीने कुलूपबंद केलेल्या फाइलींत मात्र किती वेळा बर्न करायचं ते प्रत्येक दुकान आपल्या परवान्यात लिही, आणि मासिक वर्गणीवर मिळणाऱ्या गाण्यांना ती मुभा सहसा नसेच.

परतीचा प्रवास

सीडीवरचं गाणं पुन्हा कॉम्प्युटरवर घेतलं की ते उघडं असतं. मात्र बर्न करताना दर्जा वाढत नाही. दाबताना जे गळलं ते गळलंच. ते पुन्हा एमपीथ्रीत दाबलं तर आणखी थोडं गळतं, आणि झांजा-टाळ्यांसारख्या आवाजांत फरक जाणवू शकतो. ॲपल लॉसलेस किंवा फ्लॅकमध्ये घेतलं तर नवं नुकसान होत नाही, फक्त फाइल कितीतरी मोठी होते.

या वाटेचं मोल दुकानं बंद पडू लागली तेव्हा कळलं. याहू म्युझिकने 2008 मध्ये परवान्यांचे सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा गाणी सीडीवर उतरवून ठेवा, असा सल्ला गिऱ्हाइकांना खुद्द कंपनीनेच दिला. 2009 मध्ये ॲपलने आपल्या दुकानातल्या गाण्यांची कुलपं काढली. भारतात ते दुकान डिसेंबर 2012 मध्ये आलं, म्हणून इथे खरेदी केलेल्या गाण्यांना हा त्रास नाही. अशा फाइली असतील त्या बहुधा त्या काळी अमेरिकेत किंवा युरोपात राहिलेल्यांकडे.

आजच्या स्ट्रीमिंग ॲपमधली ‘डाउनलोड’ केलेली गाणी ही निराळी बाब. ती विकत घेतलेली नसतात, वर्गणी चालू असेपर्यंतच वाजतात, आणि त्यांना बर्नची मुभा नाही. कुलूप तोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भानगडीत पडूच नका. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. जुन्या हार्ड डिस्कवर ‘एमफोरपी’ फाइली सापडल्याच, तर सीडी ड्राइव्ह चालू आहे आणि खात्याचा पासवर्ड आठवतो आहे, तोवर हे काम उरकून घ्या.