पत्रा, काच आणि कायदा

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग तुळजापूर व धाराशिववरून येरमाळ्याकडे जातो. सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग व उमरगा गाठतो. उसाच्या ट्रॅक्टरांपासून तुळजाभवानीच्या यात्रेकरूंच्या जीपगाड्यांपर्यंत नाना वाहने या रस्त्यांवर धावतात. ती धडकली वा त्यांची काच फुटली, की धाव घ्यावी लागते ती डेंटिंग-पेंटिंगच्या वा काच बसविण्याच्या दुकानाकडे. तेथील कारागीर बहुधा वस्तादाच्या हाताखाली घडलेले असतात. त्यांच्या हातातील कसब निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो कामाच्या प्रतीला कोण जबाबदार, हा.

वाहन चालविणाऱ्यास परवाना लागतो. धूर तपासणी केंद्रास मान्यता लागते. नुकसानीचे मोजमाप करणाऱ्या विमा सर्वेक्षकासही परवाना लागतो. मात्र तेच वाहन दुरुस्त करणाऱ्या दुकानासाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र नोंदणीची तरतूद नाही. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा पाहतो ते कामाचे तास, रजा व नोकरीच्या अटी; आणि त्यानेही दहाहून कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची मुभा दिली. ज्या दुकानात एक मिस्त्री व दोन पोरे राबतात, त्याच्या कामाची प्रत यामुळे कोणाच्याच दप्तरी येत नाही.

काचेबाबत नियम नाहीत असे नव्हे. १९८९ च्या केंद्रीय नियमावलीतील शंभराव्या नियमानुसार पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काळ्या फिल्मना मनाई केली. परंतु पुढची काच दोन थरांमध्ये पारदर्शक पापुद्रा घालून केलेली असते. ती फुटली तरी विखुरत नाही. तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ पुरता वाळण्यापूर्वीच गाडी रस्त्यावर आली, तर अपघातात संपूर्ण काच निखळू शकते. गंजलेल्या सांगाड्यावर लांबी भरून रंग चढविला, तरी हीच गत होते. दोन्ही दोष गिऱ्हाईकाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून ‘पारखून घ्यावे’ हा व्यवहारातील नेहमीचा उपदेश येथे निरुपयोगी ठरतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७१ सालीच दुरुस्ती दुकानांच्या नोंदणीचा कायदा केला. लेखी अंदाजपत्रक आणि काढलेले जुने भाग मागितल्यास परत देणे ही त्याची ठळक सूत्रे होत. आपल्याकडे अशी सूचना पुढे येताच ‘आणखी एक इन्स्पेक्टर, आणखी एक हप्ता’ अशी भीती व्यक्त होते. ती अनाठायी नाही. निर्बंध आला की मोठ्या शोरूमची सोय होते आणि रस्त्याकडेचा मिस्त्री भरडला जातो, हा अनुभव जुना आहे.

म्हणून नोंदणी नाममात्र शुल्कात, नगरपरिषद वा ग्रामपंचायतीच्या स्तरावर व्हावी. अनुभवी कारागिराला पदविकेची सक्ती नको. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने प्रत्यक्ष काम पाहून दाखला द्यावा. दुकानदाराने गाडीचा क्रमांक, केलेले काम व बसविलेल्या काचेवरील मानक चिन्ह एका पावतीवर लिहून द्यावे. तपासणी तक्रार आल्यावरच व्हावी. अशा पावतीने गिऱ्हाईकाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेणे सोपे जाईल, आणि चांगल्या कारागिरालाही आपले काम पुराव्यानिशी मांडता येईल. शासनाने याचा आरंभ महामार्गालगतच्या धाराशिवसारख्या जिल्ह्यापासून करावयास हरकत नसावी.