संगणकाच्या उंबरठ्यावरील दोन ओळी

दारावरची पाटी परक्यासाठी असते आणि ओसरीवरचे स्वागत आत आलेल्यासाठी. संगणकालाही असे दार आणि अशी ओसरी असते व दोन्ही ठिकाणी आपल्या मनाजोगे शब्द लिहिता येतात, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांच्या ध्यानी आली नसेल. लिनक्स प्रणालीत तर ही सोय सर्वांना खुली आहे. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जिचा पाया घातला, त्या प्रणालीवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल आवृत्ती सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केली.

लिनक्समध्ये ‘इटीसी’ नावाचा एक कप्पा असतो. त्यातील ‘इश्यू’ या फाइलीतील मजकूर नाव व परवलीचा शब्द विचारण्यापूर्वी काळ्या पडद्यावर उमटतो. तेथेच ‘एमओटीडी’ ही दुसरी फाइल असते; ‘मेसेज ऑफ द डे’ म्हणजे ‘आजचा निरोप’ याचे हे संक्षिप्त रूप. तिचा मजकूर आत प्रवेश मिळाल्यावर दिसतो. पहिली ही दारावरची पाटी, दुसरी ही ओसरी. त्या बदलण्यास प्रणालीच्या कारभाऱ्याचे, म्हणजे ‘रूट’चे, अधिकार लागतात. ‘सुडो’ या आज्ञेने ते तात्पुरते घ्यावे, ‘नॅनो’ या साध्या संपादकात फाइल उघडावी, मजकूर लिहावा, कंट्रोल व ओ या कळांनी तो जतन करावा आणि कंट्रोल व एक्स यांनी बाहेर पडावे. एखाद्यास निरोप वाचण्याचा कंटाळा असेल, तर त्याने आपल्या कप्प्यात ‘हशलॉगिन’ या नावाची रिकामी फाइल, नावाआधी टिंब देऊन, ठेवावी. यंत्र मौन पाळते.

पाटीवर काय लिहावे, हा मात्र विचाराचा प्रश्न आहे. मूळच्या ‘इश्यू’ फाइलीत बहुधा प्रणालीचे नाव व आवृत्ती असते. ती माहिती अनोळखी माणसास देण्याचे कारण नाही. त्याऐवजी यंत्र कोणाचे आहे आणि परवानगीवाचून ते वापरू नये, एवढे स्पष्ट लिहावे. आपल्या देशातील माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात शिरणे हे भरपाईस पात्र ठरते. ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास जागा न ठेवणे, हे पाटीचे खरे काम.

या फलकावर कोणी लिहावे, याचाही धडा इतिहासात आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात सीटीएसएस नावाची, अनेकांनी एकाच वेळी वापरावयाची संगणकव्यवस्था होती. १९६६ साली तेथे एक कारभारी दिवसाचा निरोप लिहीत असता दुसरा परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करीत होता. संपादक दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरीत असल्याने मजकुरांची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे निरोपाऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले! आज लिनक्समध्ये परवलीचे शब्द मूळ रूपात साठवीत नाहीत. तरीही किल्ली एकाच जबाबदार हाती असावी, हे तत्त्व कायम आहे.

आता भाषेचा प्रश्न. आमचे बोरगाव सौंसर तहसिलीत, नागपूर-छिंदवाडा रस्त्यालगत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्ह्यात आला. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आमच्या मते शाळेच्या यंत्रावरील पाटी हिंदीतच असावी. कारण नियम ज्याला पाळावयाचा त्याला तो समजलाच पाहिजे, आणि कार्यालयाची भाषा ती आहे. परंतु घरच्या यंत्रावरील ओसरी मराठीत का नसावी? मुलांच्या डोळ्यांवरून दिवसेंदिवस मराठी अक्षर जात नाही, ही महाराष्ट्राबाहेरील प्रत्येक मराठी घराची चिंता आहे.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे. लिनक्सच्या काळ्या पडद्यास फार तर ५१२ अक्षराकृती ठेवता येतात आणि प्रत्येक आकृतीस एकच चौकट मिळते. आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी बसते, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात; ते त्या पडद्यास जमत नाही व नुसत्या चौकटी दिसतात. चित्रमय प्रवेशपट असलेल्या यंत्रावर वरील दोन फाइली दिसत नाहीत. तेथे ग्नोम व्यवस्थेत ‘बॅनर मेसेज’ची स्वतंत्र सोय आहे आणि ‘लोहित’सारखा टंक असल्यास देवनागरी सुबक उमटते.

तेथे सुभाषितेच लिहावीत असे नाही. ‘आजोबांचे औषध रात्री आठला’, ‘पोळ्याला मामा येणार’, एवढ्या ओळीही पुरेत. त्या मराठीत असल्या आणि मुलांनी रोज वाचल्या, म्हणजे झाले.